क्रोम १०९ वर बसलेल्यांनो, ब्राउझर बदला की!

अनगोळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वेबसाइट बनवतो. गिऱ्हाईक सगळं आपल्याच बेळगाव भागातलं: गणपत गल्लीतली कापडाची दुकानं, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, एक-दोन मंगल कार्यालयं, खानापूरकडचे काजूवाले. सगळ्यांना साइट मराठीत पाहिजे, कन्नडमध्येही पाहिजे, वर "थोडं इंग्लिश पण टाका, पुण्याची माणसं बघतात". ते जमतं. जमत नाही ते वेगळंच. साइट माझ्याकडे नीट दिसते, माझ्या फोनवर नीट दिसते, आणि मालकाच्या काउंटरवर उघडली की मेनू मजकुरावर चढलेला आणि बटणांचा रंग गायब. मग फोन. "काय केलंय बघा हो, सगळं इस्कटलंय."

जाऊन बघावं तर विंडोज ७, आणि त्यावर क्रोम १०९.

ही १०९ जानेवारी २०२३ मधली. विंडोज ७ आणि ८.१ साठी गूगलनं दिलेली ती शेवटची आवृत्ती. त्यानंतर त्या मशिनवर क्रोम पुढं सरकतच नाही, वर तसं कुणी ठळक सांगतही नाही. एक पट्टी येते, ती आपण फुली मारून घालवतो. तिकडं वेबसाइट लिहायची पद्धत मात्र पुढं गेली. एक साधं उदाहरण देतो. सीएसएस म्हणजे पानाचा रंग, मापं, मांडणी सांगणारी भाषा. त्यात आता एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिता येतो. क्रोमला हे ११२ पासून कळतं, फायरफॉक्सला ११७ पासून. १०९ ला कळत नाही. आणि ब्राउझरची रीत अशी, की जे कळत नाही ते गपचूप वगळायचं. तक्रार नाही, सूचना नाही. म्हणून मालकाला वाटतं, पोरानं काम अर्धवट केलं.

जुन्या पद्धतीनं लिहिता येतं. लिहितोही, त्यासाठी अवजारं आहेत. खरं प्रत्येक साइट जुन्या मशिनवर परत तपासायची, खटकेल तिथं वेगळा तोडगा काढायचा, याला तास लागतात आणि ते तुमच्या बिलात येतात. ब्राउझर फुकट आहे, माझा तास फुकट नाही.

आता दिसण्याचं सोडा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकारात एक दोष सापडला. मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र नुसतं पानावर आलं, तरी त्यातून हल्लेखोराला तुमच्या कॉम्प्युटरवर आपला कोड चालवायची वाट मिळत होती. तुम्ही कुठं क्लिकही करायची गरज नव्हती. हे चित्र उघडणारा कोड क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांत एकच होता, त्यामुळं सगळ्यांनी काही दिवसांत घाईनं दुरुस्ती सोडली. फायरफॉक्सनं ती जुन्या ११५ च्या लांब मुदतीच्या आवृत्तीलाही दिली, जिला ईएसआर म्हणतात आणि जी विंडोज ७ वर चालते. जानेवारी २०२३ ला गोठलेल्या क्रोमच्या भरवशावर बँकेचं नेटबँकिंग करणारे लोक मी या गावात रोज बघतो.

तर माझा सल्ला सरळ आहे. मशीन नवं असेल तर कुठलाही ताजा ब्राउझर चालेल, खरं फायरफॉक्स घेऊन बघा. मशीन विंडोज ७ चं असेल तर आजच्या आज फायरफॉक्स ११५ ईएसआर बसवा आणि नव्या मशिनची तजवीज सुरू करा. कारण त्या ईएसआरची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं वेळोवेळी वाढवली असली तरी ती कायमची नाही. विंडोज १० वाल्यांनीही हसू नये, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

शंका असतील त्या इथं विचारा. "आमचं तर चाललंय की" सोडून काहीही विचारा.

उद्यमबाग

आमचं तर चाललंय की.

उद्यमबाग

थट्टा केली हो. खरं अडचण ऐका. कारखान्यात विंडोज ७ हौसेनं ठेवलेलं नाही. एका जुन्या मशिनचं सॉफ्टवेअर त्याच्या पुढं चालत नाही, आणि ते मशीन बदलायचं म्हणजे किती लाखात जातंय ते फौंड्रीवाल्याला विचारा. दुसरं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. त्याचं पान इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडतच नाही. क्रोममध्ये काळा चौकोन, फायरफॉक्समध्येही काळा चौकोन. आता बोला.

अनगोळकर

बोलतो. डीव्हीआरचं दुखणं अॅक्टिव्हएक्सचं आहे. चित्र दाखवणारा तुकडा फक्त इंटरनेट एक्सप्लोररच्या आत चालेल असा बनवलेला असायचा. इंटरनेट एक्सप्लोररच १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. विंडोज १० किंवा ११ असेल तर एजमध्ये आयई मोड (एक्सप्लोररसारखं चालायची सोय) आहे, तो मायक्रोसॉफ्टनं किमान २०२९ पर्यंत ठेवायचं कबूल केलंय. फक्त डीव्हीआरचा पत्ता त्या यादीत टाका, बाकी सगळं साध्या एजमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये. बहुतेक डीव्हीआर कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर आणि मोबाईल अॅपही असतं, ते बसवलंत तर ब्राउझरचं लफडंच नाही.

आणि मशीन चालवणारा विंडोज ७ राहू दे की. त्याला फक्त मशीन चालवू द्या. नेटचं कनेक्शन काढा. बँक, जीएसटी, ईमेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर. साधा वापरलेला लॅपटॉपसुद्धा पुरे.

खानापूरचे गुरुजी

चांगला धागा. थोडं जुनं सांगतो, म्हणजे तरुण मंडळींना कळेल की एकाच ब्राउझरच्या दावणीला बांधून घेतलं की काय होतं.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ साली, एक्सपीबरोबर. तोवर नेटस्केप मागं पडलं होतं. स्पर्धकच उरला नाही म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती काढायला २००६ उजाडवलं. पाच वर्षं! त्या काळात कित्येक मराठी पेपर स्वतःच्या वेगवेगळ्या फॉन्टमध्ये छापल्यासारखे नेटवर यायचे. फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरायचा, खरं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. दुसरीकडं उघडलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फायरफॉक्सची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ ला आली तेव्हा मी हौसेनं बसवली आणि पेपर वाचायला परत एक्सप्लोरर उघडत बसलो. पुढं 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा तुकडा, मिळालं, ते असल्या फॉन्टचा मजकूर जागेवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून दाखवायचं. ज्यानं ते बनवलं त्याचं भलं होवो.

एक्सपीवर तर युनिकोड मराठीसाठी सुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागे, सीडी मागायचा. नाहीतर 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडं पडायची आणि जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायची. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरला ती सीडीच नव्हती.

आता माझा प्रश्न. फोन जुना आहे, अँड्रॉइड ९. त्यावर काय करायचं?

अनगोळकर

गुरुजी, अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोम १३८ वर थांबलं. फायरफॉक्स त्यावर अजून चालतंय, तेच घ्या. प्ले स्टोअरमधून बसवा, मग सेटिंगमध्ये जाऊन मूळ (डिफॉल्ट) ब्राउझर म्हणून निवडा, नाहीतर व्हॉट्सअॅपवरची लिंक परत जुन्यातच उघडणार. भाषा मराठी करता येते.

त्या चिवड्याचं कारण पुढं कसं संपलं तेही सांगतो, कारण ते ब्राउझरशी जोडलेलं आहे. पूर्वी जोडाक्षर कसं जुळवायचं हे ब्राउझर विंडोजला विचारायचा. आता फायरफॉक्स आणि क्रोम दोघंही हार्फबझ नावाचं जुळणीयंत्र स्वतःबरोबर घेऊन येतात. त्यामुळं ब्राउझर ताजा ठेवला की अक्षरजुळणीही ताजी राहते, ऑपरेटिंग सिस्टिम जुनी असली तरी. फॉन्टही आता पानाबरोबर येतो आणि सगळ्या ब्राउझरमध्ये येतो. 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट तर फुकट आहेत. बालूत देवनागरीला शोभेल असं कन्नडही आहे, आपल्याकडच्या दोन भाषांच्या पानाला त्यासारखी सोय नाही.

वडगावची सून

दोन भाषांवरून आठवलं. आमच्या साडीच्या पानावर मराठी बरोबर दिसतं आणि कन्नड ओळींची खालची अक्षरं कापली जातात. हे ब्राउझरमुळं का?

अनगोळकर

नाही ताई, हे आमच्या जातीचं पाप. डिझायनर इंग्लिश मजकूर टाकून ओळींमधलं अंतर ठरवतो. इंग्लिशला वर-खाली फार जागा लागत नाही. कन्नडमध्ये ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) ओळीच्या खाली लटकतं, मराठीत रफार, मात्रा, अनुस्वार वर चढतात. अंतर कमी पडलं की खालचं कापलं जातं किंवा पुढच्या ओळीत घुसतं. तुमच्या डिझायनरला सांगा, ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेव. आणि मराठी शीर्षकाची अक्षरं फाकवून मांडली असतील तर तेही काढायला सांगा. इंग्लिश कॅपिटल अक्षरं फाकवली की रुबाबदार दिसतात, देवनागरीची शिरोरेघ मात्र तुटून तुकडे होतात. कुठलाही ब्राउझर ते सांधून देत नाही.

आणखी एक मागा. पानाच्या कोडमध्ये मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवायची असते. ती नोंद असली आणि फॉन्टमध्ये सोय असली की ब्राउझर ल आणि श ची मराठी वळणं निवडतो. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो आणि वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं, खरं काय ते सांगता येत नाही.

शहापूरचा दादा

मराठी दिसायला ब्राउझर बदला म्हणताय, इथं पाटीवरच ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. आधी पाटीचं काहीतरी

संपादक

पाटीसाठी वेगळा धागा आहे आणि तो भरून वाहतोय. इथं ब्राउझर.

चिकोडी सायबर

मी सायबर चालवते, म्हणून माझी दोन वाक्यं. दोन नाहीत, बरीच आहेत.

आमच्याकडं माणसं येतात उतारा काढायला, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला, जातीच्या दाखल्याला, पोरांचा निकाल बघायला. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितंय? "दाबलं खरं काहीच होईना." नव्वद वेळा कारण तेच असतं, पीडीएफ नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझरनं ती खिडकी अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीत किंवा तिच्या खाली छोटी खूण येते, ती कुणी बघत नाही. मग तेच बटण परत दाबतात, परत दाबतात. त्या एका साइटपुरती परवानगी द्यायची, सगळीकडं पॉपअप मोकळे सोडायचे नाहीत. हे क्रोममध्येही होतं, फायरफॉक्समध्येही होतं, ब्राउझर बदलून सुटत नाही.

फायरफॉक्स मी घेतला तो वेगळ्या कारणानं. लोक घाईत "पासवर्ड सेव्ह करू का" ला हो म्हणतात आणि उठून जातात. दुसरा गिऱ्हाईक बसला की पहिल्याचं खातं उघडं. मी फायरफॉक्समध्ये असं करून ठेवलंय की तो कायम खासगी पद्धतीनंच उघडतो, बंद केला की इतिहास, कुकीज सगळं साफ. पासवर्ड विचारायचंच बंद केलंय. आता माझं काम एवढंच, की प्रत्येक गिऱ्हाईक उठल्यावर खिडकी बंद करायची. बाकीच्या सायबरवाल्यांनीही करा बाबा, आपल्या विश्वासावर माणसं आधार नंबर टाकतात.

निपाणीकर

अक्का, टाळ्या.

माझा प्रश्न. घरच्या मसाल्याचा धंदा आहे, इन्स्टावरून ऑर्डरी येतात. बायोतली लिंक दाबली की साइट उघडते, खरं पैसे भरायला गेलं की अडकतं. तीच लिंक मी व्हॉट्सअॅपवर पाठवली की सगळं सुरळीत. साइट बनवणारा म्हणतो माझी चूक नाही.

अनगोळकर

त्याची बाजू बरीचशी खरी आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक लिंक तुमच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, स्वतःच्या पोटातच एक छोटा ब्राउझर उघडतात. व्हॉट्सअॅप अँड्रॉइडवर तुमचा नेहमीचा ब्राउझर उघडतं. पोटातल्या ब्राउझरला तुमचं लॉगिन माहीत नसतं, साठवलेला पासवर्ड माहीत नसतो, आणि यूपीआयचं अॅप उघडायची लिंक तिथं बऱ्याचदा अडते. वरचे तीन ठिपके दाबून "ब्राउझरमध्ये उघडा" निवडायचं. पोस्टमध्ये तशी एक ओळच घाला. आणि साइटवर क्यूआर कोडचा पर्याय ठेवायला सांगा, लिंक अडली तरी धंदा अडायला नको. त्याच्याकडून एवढं काम काढून घ्या, त्याची ती जबाबदारी आहे.

चंदगडी

सीमेपलीकडून एक विरोधी मत. जुना ब्राउझर टाका, हे शंभर टक्के मान्य. खरं "फायरफॉक्सच" का? मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, फायरफॉक्समध्ये गूगल सर्च डिफॉल्ट ठेवायचे पैसे. मग स्वातंत्र्य कसलं? ब्रेव्ह घ्या, त्यात जाहिराती आपोआप अडतात. एजही आता वेगवान आहे. बँकांच्या साइट क्रोमवर तपासलेल्या असतात, एखादी फायरफॉक्सवर रुसते. वेब डिझायनर लोकांना फायरफॉक्सचं भावनिक प्रेम असतं, एवढंच.

अनगोळकर

पैशाचा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. मलाही तो खुपतो.

खरं ब्रेव्ह, एज, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच गाभा. ऑपेरानं स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा आतला भाग, २०१३ ला सोडलं, मायक्रोसॉफ्टनं एजचं जानेवारी २०२० ला. नावं दहा, इंजिन एक, आणि त्या इंजिनाची दिशा मुख्यतः गूगल ठरवतं. बाहेर राहिली दोनच: अॅपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. आयफोनवर तर आपल्याकडं क्रोम बसवा की फायरफॉक्स, आत वेबकिटच. म्हणजे विंडोजवर आणि अँड्रॉइडवर खरा दुसरा पर्याय एकच उरतो.

त्याचा परिणाम तुम्हाला दिसलाय. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात चालायचं बंद झालं. त्याचा हलका अवतार आहे, खरं मूळची ताकद नाही. फायरफॉक्सनं जुनी पद्धत ठेवली, त्यामुळं मूळ यूब्लॉक तिथं चालतं, अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. जांबोटीच्या घाटात एका टॉवरच्या रेंजवर बातमीचं पान उघडून बघा, आधी जाहिरातींसह आणि मग यूब्लॉक लावून. भावनेचा प्रश्नच येणार नाही.

गुरुजींनी एक्सप्लोरर ६ चं सांगितलं, तेच माझं म्हणणं. आज क्रोम त्या सहासारखा मुळीच नाही, दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. खरं लोक आत्ताच "क्रोमवर चाललं ना, झालं" असं म्हणून साइट सोडून देतात. बँकेची साइट फायरफॉक्सवर रुसते ती यामुळंच. फायरफॉक्स वापरणारे अजून कमी झाले की तपासायची तसदीही कुणी घेणार नाही.

चंदगडी

ठीक. यूब्लॉकचा मुद्दा पटला. बाकीचं पन्नास टक्के. बँकेसाठी मी एज ठेवणार.

अनगोळकर

ठेवा की. दोन ब्राउझर ठेवायला कुणी नाही म्हटलंय? मीही ठेवतो. दोन्ही ताजे असले म्हणजे झालं.

उद्यमबाग

अनगोळकर, तुमचं ऐकून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ११५ ईएसआर बसवलं. बुकमार्क, पासवर्ड सगळं क्रोममधून आपोआप आलं, विचारलं नुसतं. साइटचा मेनू अजून चढलेलाच आहे हो!

अनगोळकर

असणारच. नियमाच्या पोटातला नियम ११५ लाही कळत नाही, वर लिहिलंय बघा, ११७ पासून. ईएसआरनं तुमची सुरक्षा सुधारली, साइट माझ्याकडून सपाट, म्हणजे जुन्या पद्धतीनं लिहून, घ्यावी लागेल. ते मी या आठवड्यात करतो, त्याचं बिल नाही.

उद्यमबाग

बिल नाही हे सगळ्यांनी वाचलंय. अजून एक. कोटेशनचं पान प्रिंट केलं तर वरची निळी पट्टी येत नाही, नाव पांढऱ्यावर पांढरं. क्रोममध्ये येत होती.

अनगोळकर

क्रोममध्ये तुम्ही कधीतरी पर्याय चालू केलेला असणार. इथंही प्रिंटच्या खिडकीत जास्तीची सेटिंग उघडा, तिथं पार्श्वभूमी छापायचा चौकोन आहे, त्यात टिक करा. शाई वाचावी म्हणून तो मुळात बंद असतो.

उद्यमबाग

आली पट्टी. निळा जरा फिका वाटतोय, खरं ते टोनरचं असंल.